'ऊरुभंगा'तील मृत्यू आणि आधुनिक रंगभूमी

संस्कृत नाटकाच्या इतिहासात 'ऊरुभंग' या एकांकी रूपकाला लाभलेले स्थान काहीसे चमत्कारिक आहे. 'शाकुंतल' किंवा 'मृच्छकटिक' यांच्याप्रमाणे त्याच्यामागे टीकाकारांची परंपरा उभी नाही. एकोणिसाव्या शतकात ज्या भाषांतरांनी आणि प्रयोगांनी संस्कृत नाटकाचे आधुनिक वाचन घडवले, त्यांत त्याचा समावेश असणे शक्यच नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आणले, त्यानंतर देवलांचे 'मृच्छकटिक' आले. त्या वेळी 'ऊरुभंगा'चे हस्तलिखित त्रावणकोर संस्थानातील एका मठात पडून होते. १९१२ साली ते छापून प्रसिद्ध झाले आणि अल्पावधीतच त्याला एक बिरूद चिकटले : संस्कृतातील एकमेव शोकात्मिका. या बिरुदाने नाटकाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले हे खरे. परंतु याच बिरुदाने पुढची अनेक दशके नाटकाचे वाचन एका प्रश्नापुरते जखडून ठेवले. हे नाटक शोकात्मिका आहे की नाही, एवढाच तो प्रश्न. तो प्रश्न पुरेसा नाही, हे ग्रंथातील वादापेक्षा रंगमंचावरील प्रयोगांनी अधिक स्पष्ट केले. म्हणूनच या नाटकाच्या आधुनिक इतिहासात संशोधक आणि दिग्दर्शक या दोघांचाही विचार एकत्र करावा लागतो.

पंडित टी. गणपतिशास्त्री यांना पद्मनाभपुरम्‌जवळच्या मणलिक्कर मठात १९०९-१० च्या सुमारास मल्याळम लिपीतील ताडपत्रांची एक पोथी मिळाली. तीत दहा नाटके पूर्ण आणि अकराव्याचा आरंभ होता. पुढील शोधात आणखी नाटके हाती आली आणि तेरा नाटकांचा समूह सिद्ध झाला. 'ऊरुभंग', 'कर्णभार', 'मध्यमव्यायोग', 'दूतवाक्य' आणि 'दूतघटोत्कच' ही महाभारतावरील पाच एकांकी रूपके त्रिवेंद्रम संस्कृत ग्रंथमालेत १९१२ मध्ये आली. पोथीत नाटककाराचे नाव कोठेही नव्हते. गणपतिशास्त्र्यांनी ती भासाची ठरवली. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत भासाचा आदराने उल्लेख केला आहे. बाणाने भासाची नाटके सूत्रधाराच्या प्रवेशाने सुरू होतात असे सूचित केले आहे. राजशेखराने 'स्वप्नवासवदत्ता'चे नाव घेतले आहे. सापडलेल्या नाटकांचा आरंभ सूत्रधाराच्या प्रवेशानेच होतो, मंगलश्लोक त्यानंतर येतो आणि 'प्रस्तावने'ऐवजी 'स्थापना' असा शब्द आढळतो. या दुव्यांवर कर्तृत्वाची इमारत उभी राहिली. नीट पाहिले असता पुरावा 'स्वप्नवासवदत्ता'पुरता बराच बळकट आहे आणि इतर नाटके साम्याच्या आधारे त्याच्या मागोमाग आत आली आहेत. 'ऊरुभंग' हे त्या मागोमाग आलेल्यांपैकी.

या वादात महाराष्ट्रातील पंडितांनी घेतलेला भाग मोठा होता. वि. सी. सुखठणकर यांनी १९२० पासून भासविषयक लेखांची मालाच लिहिली आणि भाषेच्या, छंदांच्या, प्राकृताच्या तपशिलांची कसून छाननी करून अंतिम निर्णय मात्र हातचा राखला. चिं. रा. देवधरांनी कर्तृत्वाच्या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि पुढे पुण्यातूनच समग्र नाटकचक्राची आवृत्ती सिद्ध केली. ही आवृत्ती विद्यार्थ्यांच्या हाती दीर्घकाळ राहिली. अ. द. पुसाळकरांचा १९४० चा प्रबंध भासपक्षाची भक्कम मांडणी करणारा. केरळातील विद्वानांचा, विशेषतः के. रामपिशारोटी यांचा, आक्षेप वेगळ्या दिशेचा होता : ही नाटके चाक्यारांनी रंगमंचासाठी केलेली रूपांतरे असावीत, असे ते म्हणत. कर्तृत्वाच्या दृष्टीने हा आक्षेप नाटकांचे मोल कमी करणारा वाटला आणि त्याच दृष्टीने तो खोडूनही काढला गेला. रंगभूमीच्या दृष्टीने त्याचा अर्थ नेमका उलटा होता. ही नाटके वाचकांच्या नव्हे तर नटांच्या हातून आली आहेत, ही गोष्ट त्या आक्षेपात अंतर्भूत होती आणि तिचा विचार व्हायला पुढची पन्नास वर्षे जावी लागली.

सुखठणकर १९२५ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. भासाचा प्रश्न त्यांनी मागे ठेवला. परंतु त्या आवृत्तीमुळेच 'ऊरुभंगा'तील नाटककाराचे स्वातंत्र्य आज अधिक नेमकेपणाने मोजता येते. रा. ना. दांडेकरांनी संपादिलेल्या शल्यपर्वात (१९६१) गदायुद्धाचा प्रसंग येतो. भीमाने नियम मोडून मांड्यांवर प्रहार केल्यावर बलराम नांगर उगारून धावतो आणि त्याला कृष्ण आवरतो. नाटकात बलरामाला आवरतो तो स्वतः दुर्योधन. मूळ कथेतील एक कृती एका पात्राकडून काढून दुसऱ्याच्या हाती दिली, एवढाच हा बदल. पण त्याने सगळी नैतिक रचना फिरते. कृष्ण या नाटकात रंगमंचावर येतच नाही. दुर्योधनाच्या बोलण्यात मात्र तो आहे : भीमाच्या गदेत शिरून जगत्प्रिय हरीनेच आपल्याला मृत्यूच्या स्वाधीन केले, अशी त्याची समजूत आहे. महाभारतातला दुर्योधन पडल्यावर कृष्णाच्या कपटांचा पाढा वाचतो, अश्वत्थाम्याला सेनापती करतो आणि रात्रीच्या संहाराची वार्ता ऐकून तृप्त मनाने प्राण सोडतो. नाटकातला दुर्योधन कुरुकुलाला तर्पणाचे पाणी देणारे कोणी उरावे म्हणून पांडवांना जगू द्या असे सांगतो. अश्वत्थाम्याला तो सूडापासून परावृत्त करू पाहतो. द्रौपदीचे केस ओढले, अभिमन्यूसारखे पोर मारले, पांडवांना श्वापदांच्या सोबतीला वनात धाडले, त्यामानाने आपल्या वाट्याला आले ते थोडेच, अशी कबुली देतो. धृतराष्ट्र, गांधारी, दोन राण्या आणि एक बालक रणभूमीवर त्याला शोधत येतात. महाभारतात ही भेट नाही. गांधारी तेथे येते ती स्त्रीपर्वात, मुलाच्या प्रेताजवळ.

बालकाचे नाव दुर्जय. महाभारतात दुर्योधनाचा पुत्र लक्ष्मण, आणि तो अभिमन्यूच्या हातून अगोदरच मारला गेला आहे. दुर्जय हे नाटककाराचे निर्माण आहे आणि त्याच्यावाचून हे नाटक उभे राहत नाही. 'ऊरु' म्हणजे मांडी; मूल बसते तीही मांडीच. थकलेला दुर्जय बापाच्या मांडीवर बसू पाहतो आणि बापाला त्याला दूर सारावे लागते. द्यूतसभेत द्रौपदीसमोर उघडी केलेली मांडी प्रेक्षकाला याच क्षणी आठवते, आणि भीमाच्या प्रतिज्ञेचे फळ एका निरपराध पोराच्या वाट्याला कसे येते हे त्याला समोर दिसते. तेथे संवाद अगदी साधा आहे. बाप आपण शंभर भावांच्या मागे जात आहोत असे सांगतो, मूल मलाही तिकडे ने म्हणते, आणि बाप उत्तर देतो की हे वृकोदराला जाऊन सांग. या उत्तरातील कडवटपणा आणि लगेच पुढे येणारा उपदेश, पांडवांची सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ, द्रौपदीला आणि अभिमन्यूच्या आईला आईसमान मान, यांत किती अंतर आहे! समजूतदारपणाचा हा बोल कडवटपणा गिळून आलेला आहे, तो सहज आलेला नाही. अभ्यासकांनी दुर्योधनाच्या 'हृदयपरिवर्तना'विषयी पुष्कळ लिहिले आहे. परिवर्तन झाले असेल, पण ते एका वाक्यात झालेले नाही. ते त्या दोन वाक्यांमधल्या विरामात आहे, आणि विराम वाचता येत नाही, पाहावा लागतो.

याच प्रसंगाआधी बलरामाच्या तोंडी दुर्योधनाचे वर्णन येते. हातांवर शरीर ओढत, धुळीने माखलेला तो समोर येतो, तेव्हा त्याने जणू बालकाचे व्रत घेतले आहे असे कवी म्हणतो आणि समुद्रमंथन संपल्यावर देवदैत्यांनी टाकून दिलेल्या थकल्या वासुकीची उपमा देतो. वासुकीची उपमा सर्वांच्या लक्षात राहते; बालव्रताची प्रतिमा तितकीशी चर्चिली गेली नाही. राजा रांगतो आहे आणि त्याचे मूल त्याच्याजवळ चालत येते. ही रचना केवळ श्लोकात नाही, ती रंगमंचावरील उंचीत आहे. नटाला उभे राहण्याची मुभाच नसलेला नायक संस्कृत नाटकात दुसरा क्वचितच सापडेल.

आता शोकात्मिकेचा वाद. ए. बी. कीथ यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात 'ऊरुभंगा'ला शोकात्मिका मानण्यास नकार दिला. कृष्णभक्त प्रेक्षकाच्या दृष्टीने दुर्योधनासारख्या देवद्वेष्ट्याचा अंत हा दुःखाचा विषयच नव्हे, अशा आशयाची त्यांची भूमिका होती. याच्या विरुद्ध बाजूला, भारतीय वाङ्मयातही शोकात्मिका होती हे दाखवण्याची ईर्षा होती. वसाहतकाळात ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे. नाट्यशास्त्रातील निषेधाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी वापरला गेला. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकाद्वारे सूचित कराव्यात, असे भरताचे वचन आहे. त्याअर्थी दुर्योधनाचा रंगमंचावरील मृत्यू हे बंड ठरवले गेले. परंतु नायकाच्या वधाचा निषेध भरताने नाटक आणि प्रकरण या प्रकारांच्या संदर्भात केला आहे, आणि 'ऊरुभंग' यांपैकी काहीच नाही. ते व्यायोग की उत्सृष्टिकांक, यावर मतभेद आहेत. प्रख्यात कथावस्तू, पुरुषपात्रांचे प्राबल्य आणि दीप्त रस पाहावेत तर व्यायोग. करुण रस आणि स्त्रियांचा विलाप पाहावा तर उत्सृष्टिकांक. पूर्वार्ध एका लक्षणात बसतो आणि उत्तरार्ध दुसऱ्या, हेच बहुधा अधिक खरे आहे. गदायुद्ध मात्र नाटककाराने विष्कंभकातच ठेवले आहे. म्हणजे ज्याला बंडखोर म्हटले गेले त्याने युद्धाच्या बाबतीत संकेत पाळला आहे.

मराठी समीक्षेला या वादात एक सोय होती. 'शोकांतिका' आणि 'शोकात्मिका' या दोन शब्दांतील भेद तिने घासूनपुसून घेतला होता : अंत शोकमय असणे वेगळे आणि अनुभवाचे रूपच शोकात्म असणे वेगळे. गो. के. भट यांनी १९७४ मध्ये संस्कृत नाटक आणि शोकात्मता या विषयाला स्वतंत्र ग्रंथ वाहिला, त्यामागेही या भेदाची जाण आहे. 'ऊरुभंगा'च्या बाबतीत हा भेद उलटा लावून पाहण्यासारखा आहे. नायकाच्या दृष्टीने येथे अंत शोकमय नाही. तो स्वर्गाला जातो. शोकात्म आहे ते मागे उरणाऱ्यांचे जग.

शेवटच्या दृश्यात दुर्योधनाला शंतनूप्रभृती पूर्वज दिसतात, कर्णाला पुढे करून आलेले शंभर भाऊ दिसतात, समुद्र, गंगादी नद्या, उर्वशीप्रभृती अप्सरा आणि काळाने पाठवलेले, हजार हंस जोडलेले वीरांना वाहून नेणारे विमान दिसते. याच समूहातील 'अभिषेक' नाटकात मरणारा वाली जवळजवळ याच शब्दांत नद्या, अप्सरा आणि हंसांचे विमान पाहतो. 'प्रतिमे'त मरणाऱ्या दशरथाला पितर दिसतात. दुर्योधनाच्या अंतिम दर्शनाचा बराचसा भाग, म्हणजे, वीरमरणाचा ठरलेला रंगसंकेत आहे. त्यात पाश्चात्त्य शोकात्मिकेतील नायकाच्या आत्मज्ञानाचा क्षण शोधणे ताणून केल्यासारखे होते. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या देवळाच्या आवारात उभा असलेला वीरगळ पाहावा : खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेत आहेत, वरच्या चौकटीत तो दिव्यलोकात आहे. 'ऊरुभंगा'ची रचना त्याच क्रमाने वर चढते. विष्कंभकातील तीन सैनिक खालची चौकट कोरतात, अंतिम दर्शन वरची.

पण वीरगळावर न सापडणारी एक आकृती नाटककाराने वरच्या चौकटीत बसवली आहे. कानावर झुलपे असलेला, ऐरावतावर आरूढ, इंद्राच्या हाताचा आधार घेतलेला अभिमन्यू तेथे आहे आणि तो दुर्योधनाशी रागाने बोलतो आहे. वालीच्या दर्शनात असे कोणी नाही. ठरलेला संकेत नाटककाराने नेमका येथे मोडला. स्वर्गात सत्कार आहे, सलोखा नाही. अन्यायाने मारलेले पोर तेथे वाट पाहत आहे. खाली त्याच क्षणी अश्वत्थाम्याने अभिषेकावाचून, केवळ ब्राह्मणाच्या शब्दाने, राजा केलेले दुसरे पोर उभे आहे. दोन बालकांच्या मधे मरणारा हा नायक शोकात्मिकेच्या व्याख्येत किती बसतो हा प्रश्न मग दुय्यम होतो.

ग्रंथांतून हे वाचन पुढे यायला वेळ लागला. प्रयोगांच्या इतिहासाला सुरुवात झाली तीही उशिराच. शांता गांधींनी साठच्या दशकात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या परिसरात भासाची एकांकी रूपके हिंदीतून उभी केली, तेव्हा संस्कृत नाटक म्हणजे शृंगार आणि दीर्घ अंकांची मालिका ही समजूत प्रथमच हलली. संस्कृत नाटकातील आधुनिक दिग्दर्शकाचे काम पुनर्रचनेचे नसून शोधाचे आहे, ही भूमिका त्या प्रयोगांतून रूढ झाली. तिच्या पाठीशी भासनाटकांचे मितभाषीपण होते : सूचना थोड्या, स्थलांतरे झपाट्याची, वर्णन श्लोकात आणि कृती नटाकडे.

खरा परिणाम झाला तो मणिपूर आणि केरळ या दोन टोकांना. रतन थियाम यांनी १९७६ मध्ये इंफाळ येथे कोरस रेपर्टरी थिएटरची स्थापना केली आणि १९८१ मध्ये 'ऊरुभंग' मणिपुरी भाषेत सादर केले. पुढे 'चक्रव्यूह' (१९८४) आणि 'कर्णभार' यांच्यासह ते महाभारत-त्रयीचा भाग मानले गेले. थांग-ता या युद्धकलेने घडवलेली शरीरे, वारी लीबा या कथनप्रकाराचा स्वर आणि नट संकीर्तनाची लय यांवर थियाम यांची रंगभाषा उभी होती. कीथ यांच्या युक्तिवादाला या भूमीवर वेगळेच उत्तर मिळते. मैतेई समाजात वैष्णव भक्ती अठराव्या शतकापासून खोल रुजलेली आहे. कृष्णभक्त प्रेक्षक हवा असेल तर तो येथे आहे. आणि नट संकीर्तन तर श्राद्धविधीतही होते. कृष्णभक्तीची लय आणि मृताविषयीचा शोक यांचा या परंपरेत विरोध नाही. ज्या दुर्योधनाला हरीनेच गदेत शिरून मारले, त्याच्यासाठी हरीच्याच संकीर्तनाच्या सुरात रडता येते. कीथ यांनी भक्त प्रेक्षकाची जी कल्पना केली, ती ग्रंथातल्या भक्ताची होती.

थियाम यांच्या प्रयोगाला काळाचीही एक बाजू आहे. १९८० मध्ये संपूर्ण मणिपूर राज्य 'अशांत क्षेत्र' म्हणून जाहीर झाले आणि सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा तेथे सर्वत्र लागू झाला. नाटकातील रणभूमी आणि राज्यातील वर्तमान यांच्यात सरळ समीकरण मांडणे उथळपणाचे होईल, परंतु मृतांच्या राशीत आपल्या माणसाला शोधणारे आंधळे आईबाप आणि त्यांच्या वस्त्राचे टोक धरून चालणारे मूल, हे दृश्य त्या प्रेक्षकासमोर केवळ पौराणिक राहिले असेल असे मानणेही अवघड आहे. २०२५ मध्ये थियाम यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या गावाने पुन्हा एकदा दोन वर्षांचा रक्तपात पाहिलेला होता.

विष्कंभकाचा प्रश्न या संदर्भात महत्त्वाचा आहे. नाटकाचा मोठा भाग तीन सैनिकांच्या वर्णनाने व्यापला आहे : युद्ध हा यज्ञ, हत्ती हे यज्ञस्तंभ, गिधाडे, तुटलेले रथ, शेवटी गदायुद्ध. वर्गात शिकवताना हा भाग काव्य म्हणून वाचून पुढे जाण्याचा प्रघात आहे. 'नाटक' त्यानंतर सुरू होते असे समजले जाते. मात्र नट हा भाग शरीराने घेऊ लागला की वर्णन आणि कृती यांतली सीमाच पुसली जाते. बोलणारा सैनिक युद्ध सांगत असतो आणि त्याचे अंग ते करत असते. भरताचा निषेध पाळूनही युद्ध दाखवता येते, ते असे. चाक्यारांच्या कूडियाट्टमात एका श्लोकाचा विस्तार तास न् तास चालतो, त्याचे तत्त्व हेच. आणि रामपिशारोटींचा जुना आक्षेप येथे वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो. ही संहिता विस्तारासाठी जागा सोडून लिहिलेली आहे.

केरळात कावालम नारायण पणिक्कर यांनी हीच जागा हेरली. तिरुवनंतपुरमच्या 'सोपानम्' या आपल्या मंडळीसह त्यांनी 'मध्यमव्यायोग', 'कर्णभार' (१९८४) आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात 'ऊरुभंग' संस्कृतातच सादर केले. भाषांतराचा आधार नाकारणे हा त्यांचा आग्रह होता. अर्थ पोचवण्याचे काम ताल, पदन्यास, कळरिपयट्टूने कमावलेले शरीर आणि सोपान पद्धतीचे गायन यांनी करावे, अशी त्यांची श्रद्धा. 'ऊरुभंगा'त त्यांनी दुर्योधन दोन केला : एक दुर्योधन आणि दुसरा सुयोधन. हा सुयोधन तेय्यमच्या रूपात येतो. उत्तर केरळातील तेय्यमविधीत अन्यायाने मारले गेलेले वीर देवत्व पावून परततात आणि माणसांशी बोलतात. म्हणजे 'स्वर्गाला गेला' या दोन शब्दांच्या रंगसूचनेला पणिक्करांनी स्थानिक विधीत देह मिळवून दिला. कोल्लम जिल्ह्यातील मलनड येथे दुर्योधन हे पूजेचे दैवत आहे, ही गोष्ट लक्षात घेतली तर केरळच्या प्रेक्षकाला हे रूपांतर उपरे वाटण्याचे कारण नव्हते.

तरीही या युक्तीविषयी शंका घेण्यास जागा आहे. दुर्योधन आणि सुयोधन असे दोन देह समोर आले की वाईट आणि चांगले यांची वाटणी सोपी होते. संहितेतला दुर्योधन एकाच वाक्यात कडवट आणि क्षमाशील आहे. त्याचा चांगुलपणा त्याच्या गर्वातूनच आला आहे. मालवीला तो रडतेस कशाला असे विचारतो, कारण तिचा नवरा पाठ न दाखवता पडला. गांधारीकडे पुढच्या जन्मीही तूच आई हो असे मागतो. हा मानी माणूस आहे आणि शेवटपर्यंत मानीच राहतो. त्याच्यातून सुयोधन वेगळा काढला की उरतो तो केवळ कळसूत्री खलनायक, आणि तसा तो या संहितेत नाही. पणिक्करांच्या प्रयोगाचे सौंदर्य वादातीत होते. त्याचा अन्वयार्थ तसा नाही.

या दोन्ही प्रयोगांना त्या काळात एक वैचारिक छत्र मिळाले. संगीत नाटक अकादमीने १९८४ पासून पारंपरिक रंगप्रकारांशी नाते जोडणाऱ्या तरुण दिग्दर्शकांसाठी योजना राबवली आणि सुरेश अवस्थी यांनी या प्रवाहाला 'थिएटर ऑफ रूट्स' हे नाव रूढ केले. रुस्तम भरुचा यांच्यासारख्या समीक्षकांनी त्यातील सरकारी पुरस्कृत परंपराप्रेमावर टीका केली, आणि ती बऱ्याच अंशी रास्त होती. महोत्सवासाठी तयार केलेल्या, ढोल आणि मशालींनी सजलेल्या निर्मितींचे पीक त्या दशकात आले होते. परंतु 'ऊरुभंगा'च्या बाबतीत 'मुळांकडे परतणे' हे वर्णनच चुकीचे आहे. मणिपूरला भासाची मुळे नव्हती. तेय्यमला संस्कृत नाटकाची परंपरा नव्हती. येथे परतणे नाही, नवा विवाह आहे. आणि तो जमला याचे कारण संहितेच्या मोकळ्या रचनेत आहे, कोणत्याही प्राचीन एकात्मतेत नाही.

मराठी रंगभूमी या इतिहासात जवळजवळ अनुपस्थित आहे, हे नमूद करावे लागते. विजया मेहता यांनी 'मुद्राराक्षस' आणि 'शाकुंतल' यांना आधुनिक रूप दिले. राज्य नाट्यस्पर्धेच्या संस्कृत विभागात भासाची रूपके होत आली आहेत. पण 'ऊरुभंगा'चा मराठीतील असा प्रयोग, ज्याने नाटकाचे वाचनच बदलावे, झाला नाही. त्याची कारणे अभिरुचीत शोधावी लागतील. महाभारतातील पराभूतांविषयीचे कुतूहल मराठीत गद्याने पुरवले : दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व', इरावती कर्वे यांचे 'युगान्त', शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय', ही पुस्तके साठच्या दशकातच आली. या लेखनातील पराभूत माणूस बोलतो, कारणे देतो, स्वतःची बाजू मांडतो. 'ऊरुभंगा'तील दुर्योधन आपली बाजू फारशी मांडत नाही. त्याच्याजवळ शरीर आहे, मोडलेले. संवादावर पोसलेल्या आपल्या रंगभूमीला त्या शरीराचे काय करावे हे कळले नसावे.

अश्वत्थाम्याच्या प्रवेशाकडे समीक्षेने आणि प्रयोगांनी सारखेच कमी लक्ष दिले आहे. दुर्योधनाच्या क्षमेने भारावलेले वाचन त्याच्या मृत्यूशी थांबते. संहिता तेथे थांबत नाही. दुर्योधनाने धनुष्य टाक म्हणून सांगितले, तरी अश्वत्थामा धनुष्य टाकत नाही. राजाचा शब्द मोडून तो राजपुत्राला राज्य देतो आणि दुर्योधनही त्या क्षणी सुखावतो. सूड नको म्हणणारा बाप मुलाच्या राज्याभिषेकाने तृप्त होतो, आणि तो अभिषेक सूडाच्या प्रतिज्ञेला जोडूनच आलेला आहे. मृत्यूनंतर दोनच हालचाली उरतात. धृतराष्ट्र अशा राज्याला धिक्कारून तपोवनाकडे वळतो. अश्वत्थामा बाण घेऊन, झोपेत असलेल्यांना मारण्यासाठी निघतो. त्या रात्री द्रौपदीचे पाच पुत्र मारले जाणार आहेत हे प्रेक्षक जाणतो. ती आणखी पाच मुले. आणि या दोन निर्गमनांनंतर लगेच भरतवाक्य येते : शत्रुपक्षाचे शमन केलेला राजा पृथ्वीचे रक्षण करो. राजा कोणता, ते तेथे सांगितलेले नाही. ब्राह्मणाच्या शब्दाने राजा झालेला दुर्जय रंगमंचावर उभा आहे, युधिष्ठिर कोठेतरी छावणीत आहे, आणि शमन व्हायचे ते रात्री व्हायचे आहे. हा श्लोक कोणी, कोणाकडे पाहत म्हणावा, हे प्रत्येक दिग्दर्शकाला नव्याने ठरवावे लागते.